बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं : पंडिता रमाबाईंचं प्रकरण

१८९१ साल. पुण्यात शारदा सदन ही विधवा मुलींची निवासी शाळा सुरू आहे. चालवणाऱ्या बाई तेहतीस वर्षांच्या, विधवा, एका मुलीची आई. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटलेलं, ‘पंडिता’ तर नावालाच चिकटलेलं. इंग्लंड-अमेरिका पाहून आलेल्या. त्यांच्या कामासाठी बोस्टनला १८८७ साली असोसिएशन निघालेली, दहा वर्षं पैसे पाठवायचा तिने शब्द दिलेला. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं उलटलेली. आणि या बाईंना कळून चुकतं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही.

हे निदान कुणा टीकाकाराचं नाही. १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची हकीकत, लिहून काढली, तिच्यात त्यांनी स्वतःच हे कबूल केलं आहे.

मी आमच्या चर्चच्या महिला मंडळाबरोबर घरभेटींना जाते. आजारपण, कर्ज, दारूडा नवरा, गेलेलं मूल असं काहीतरी असतं म्हणूनच त्या घरी जायचं असतं. चहा होतो, स्तोत्र वाचून होतं, आणि मग चपला घालताना दाराशी बाई हळूच म्हणते, “ताई, प्रार्थनाच होत नाही हो हल्ली.” यावर आमच्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. एकवीस दिवस उपास-प्रार्थना करा. साखळी प्रार्थनेत नाव घालू. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला, नियमित आहे ना? घरात काही लपलेलं पाप नाही ना? शेवटचा प्रश्न आम्ही गोड आवाजात विचारतो, पण विचारतो.

या उत्तरांत काहीतरी चुकतंय असं बरीच वर्षं वाटत होतं, ते कशात हे मात्र धरता येत नव्हतं. रमाबाईंची ही आठ वर्षं नीट वाचली तेव्हा ते हाती लागलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते.

आधीचा हिशोब

सुरुवात १८९१ पासून करून चालणार नाही. १८७४ च्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागतं, कारण रमाबाईंना कृपा म्हणजे काय ते एवढ्या उशिरा का उमगलं याचं उत्तर तिथे आहे.

वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढे आपली बाजू मांडावी लागली होती, आणि शास्त्राधाराने त्यांनी ती मांडली. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. तिथेच २३ एप्रिल १८५८ ला रमाचा जन्म. ती सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. पोरीला वेताच्या पेटीत घालून माणसाच्या डोक्यावर दिलेलं. पुढे देवळात, घाटावर, झाडाखाली पुराण सांगायचं, लोक देतील ते घ्यायचं, त्यातलं बरंचसं दान करायचं, पुढच्या तीर्थाला निघायचं. रमाला संस्कृत आईने शिकवलं, तेही असंच वाटेवर.

हे कष्टाचं पण अर्थपूर्ण जगणं होतं, आणि रमाबाईंनी वडिलांबद्दल कधी वावगं लिहिलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमचेच काही लोक ही कहाणी दुसऱ्यांच्या श्रद्धेवर उगारायची काठी म्हणून वापरतात. मला त्यातलं एकच सूत्र इथे हवं आहे: हिशोबाचं. व्रत केलं, पुण्य जमा. दान दिलं, पुण्य जमा. संकट आलं? मग जमा कमी पडली असणार, आणखी घाला.

दुष्काळ आला तेव्हा या घराने तेच केलं. ग्रंथांत सांगितलेलं सगळं पाळलं: उपास, स्नानं, प्रदक्षिणा, जप. दागिने विकले, भारी वस्त्रं विकली, चांदी विकली, शेवटी स्वयंपाकाची तांब्यापितळेची भांडी विकली, आणि आलेला पैसा ब्राह्मणांना दान केला. आज हे वाचताना आपण कपाळावर हात मारतो, पण त्या माणसांच्या लेखी हाच शहाणपणाचा मार्ग होता. खात्यात भर घालणं चाललं होतं.

पैसा संपला. अंगमेहनतीचं काम कुणाला येत नव्हतं, भीक मागायची लाज वाटत होती. म्हातारे, दृष्टी गेलेले अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले. तिरुपतीजवळच्या रानात पाचही जणांनी अकरा दिवस पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. मुलगा श्रीनिवास म्हणाला, जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण जीव देऊ नका. वडिलांनी बेत सोडला. पण शरीर सुटायला आलंच होतं. ते गेले. जाण्याआधी धाकट्या लेकीला जवळ घेऊन म्हणाले, मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

मग आई आजारी पडली. तापाच्या ग्लानीत ती खायला मागायची. रमा एका ब्राह्मणाच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. दारात उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ती जीभ ‘भाकर द्या’ एवढं म्हणू शकेना. घरातल्या बाईने ओळखलं आणि तुकडा दिला. आभार मानायलाही तोंड उघडलं नाही.

आई गेली. खांदा द्यायला कुणी येईना. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथी रमा. तिची उंची बेताची. खांद्यावर घेतलं तर तिरडी एका बाजूला कलायची, म्हणून तिने आपल्या वाट्याचं टोक डोक्यावर घेतलं. मसणवटा तीन मैलांवर होता.

थोरली बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं उत्तरेकडे चालत राहिली. झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली, तेव्हा वाळूत थडग्याएवढे दोन खड्डे खणले, त्यात उतरले, डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली, आणि रात्र काढली. बोरांच्या कडक बिया सालीसकट गिळून पोट भरलं. १८७८ साली कलकत्त्याला पोचेपर्यंत देवांवरचा विश्वास झिजून गेला होता. वाद घालून नाही, चालून चालून.

पुढचं भराभर सांगते. कलकत्त्यात मानसन्मान. १८८० साली भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न, जात वेगळी म्हणून दोन्हीकडून बहिष्कार. १८८१ ला मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

बाप्तिस्मा का घेतला

नवऱ्याच्या घरी असताना त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. ते घरात कसं आलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. एक मिशनरी येऊन समजावून सांगायचे, नवऱ्याला ते मुळीच पसंत नव्हतं. पुण्यात आल्यावर आर्य महिला समाज काढला, आणि नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी बोलणं होऊ लागलं. हे काशीचे चित्पावन शास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. त्यांची संस्कृत भाषेवरची पकड पाहून रमाबाईंना आपल्या बरोबरीचा माणूस भेटला. १८८३ साली वैद्यकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावच्या सिस्टरांकडे उतरल्या. धर्मांतर करणार नाही असं ठरवून गेल्या होत्या.

मन वळलं ते तर्काने नाही. सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलम इथल्या एका घरी नेलं. तिथे ‘बिघडलेल्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळत, त्यांची सेवा करत, त्यांना माणसात आणत. आपल्याकडच्या शास्त्रांत अशा बाईला काय शिक्षा सांगितली आहे ते रमाबाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही यांच्यासाठी हे का करता? एका सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी, त्याच जागी, त्यांच्यासोबत भारतातून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. परक्या देशात ही एकटीच मराठी सोबतीण. याबद्दल पुढच्या चरित्रकारांनी एकदोन ओळींत आवरतं घेतलं आहे, पण बाप्तिस्म्याच्या वेळी रमाबाईंच्या मनावर केवढं ओझं असेल याचा विचार करताना मी दर वेळी इथे अडखळते.

मधली आठ वर्षं

इथे आपण सहसा गोष्ट संपवतो. दुःख, शोध, बाप्तिस्मा, आमेन. प्रत्यक्षात अवघड भाग इथून सुरू झाला.

पहिलं म्हणजे शरीराने दगा दिला. ऐकू कमी येत चाललं होतं, त्यामुळे डॉक्टर व्हायचं राहिलं. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवायचं आणि स्वतः शिकायचं. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशप मंडळींनी हरकत घेतली. जिच्यापुढे कलकत्त्याचे पंडित बसले होते, तिला आता हे ऐकावं लागलं.

दुसरं, त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन. मनोरमा त्यांना आजीबाई म्हणायची. या आजीबाईंशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला त्यात प्रेम आहे आणि चकमकीही आहेत. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मला समजत नाही, न समजता मान्य कसं करू? एवढे पंथ, त्यातला खरा कुठला? क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? मांसाहार मी करणार नाही. आणि सगळ्यात टोकाचं: एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, तसंच दुसरं आता चढवून घेणार नाही. आजीबाईंना यात अहंकार दिसला.

मला तो दिसत नाही. ज्या माणसाने एकदा सगळं काही विश्वासाने केलं आणि त्यापायी घरातली तीन माणसं चितेवर गेलेली पाहिली, ते माणूस दुसऱ्यांदा डोळे मिटून होकार देत नाही. तो तिचा अविश्वास नव्हे. खोटं बोलून देवापुढे उभं राहायचं नाही, एवढीच अट होती. बायबलमधल्या ईयोबाने, सगळं गमावलेल्या त्या नीतिमान माणसाने, तेच केलं. त्याच्या मित्रांनी देवाची बाजू मांडली, ईयोबाने तक्रार मांडली, आणि शेवटी देव म्हणाला की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच.

तिसरं कारण मात्र बाहेरचं नव्हतं, आणि प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. रमाबाईंनी धर्म बदलला होता, हिशोबाची वही बदलली नव्हती. उत्तम नीती, उत्तम शिकवण, दीनांची सेवा हे सगळं त्यांना ख्रिस्ती धर्मात पटलं होतं आणि त्या ते मनापासून आचरत होत्या. अमेरिकेत तीन वर्षं गावोगाव भाषणं करून पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या मुलींतली एक गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली तीच बाया कर्वे. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आलं. काम डोळे दिपवणारं. आणि आत कोरडं. वडिलांच्या घरी होती तीच पद्धत: आपण भरत राहायचं, पलीकडून कधीतरी उत्तर येईल म्हणून वाट पाहायची.

त्यात दोन्हीकडून मार. हिंदू घरच्या मुली येणार, तेव्हा सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं त्यांनी कबूल केलेलं. मिशनरी म्हणाले, ही कसली ख्रिस्ती, मुलींना बायबलही शिकवत नाही. शहरातले लोक म्हणाले, ही छुपी मिशनरी. सुन्या मनाने माणूस असल्या पेचात किती दिवस उभं राहतं?

त्या उभ्या राहिल्या. आठ वर्षांत त्यांनी बाप्तिस्मा झटकून टाकला नाही, आणि मला सापडला आहे असं सोंगही आणलं नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. आमच्या मंडळीत बहुतेक जण दुसरा मार्ग घेतात. साक्षीच्या वेळी उभं राहून ‘प्रभू फार चांगला आहे’ म्हणायचं आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचं.

काय बदललं

निमित्त साधं होतं. एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ दीक्षा घेऊन कित्येक वर्षं पाळकपण करत होता, देऊळ बांधत होता, आणि एके दिवशी पुलपिटावरून बोलता बोलता स्वतःच्याच प्रवचनाने बदलून गेला. रमाबाईंना आपलं दुखणं या माणसात ओळखू आलं. त्यांनी शास्त्र पुन्हा उघडलं, या वेळी वाद घालायला नाही.

काय हाती लागलं ते त्यांनी नेमक्या शब्दांत सांगितलं आहे. ख्रिस्ताच्या द्वारे देव देतो ते तारण आत्ताचं आहे, पुढे कधीतरी मिळायचं नाही.

आपण लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकतो म्हणून हे वाक्य अंगावरून जातं. रमाबाईंच्या कानाने ऐकून बघा. जिच्या घराने जन्मोजन्मीच्या खात्यात भर घालता घालता पातेली विकली, तिला कुणी सांगतं, की खातं बंद झालं आहे, दुसऱ्याने भरलं आहे, आणि आज, या क्षणी, रिकाम्या हाताने ये. आणखी शुद्ध व्हायचं नाही, आणखी समजायचं नाही, आणखी सोसायचंही नाही. भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या मुलीने तोंडही उघडलं नव्हतं, तरी त्या घरच्या बाईने दिलाच होता. ही तुलना रमाबाईंनी केलेली नाही, माझी आहे. पण तो प्रसंग कितीतरी वर्षांनंतर त्यांनी आठवून लिहिला, तो उगाच नसावा.

त्रैक्याचं कोडं सुटलं म्हणून त्यांना शांती मिळाली, असं झालं नाही. समजणं ही अट राहिली नाही, एवढंच झालं.

लगेच आलेली परीक्षा

१८९१ नंतर दिवस सोपे झाले असतील असं वाटत असेल, तर उलट झालं.

रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत. खोलीचं दार त्या लावून घेत नसत. मुली येऊन दाराशी उभ्या राहू लागल्या, मग आत बसू लागल्या. त्यांनी कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला घालवलंही नाही. दार लोटून घेतलं असतं तर वाद मिटला असता, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मुली आपापली पूजा उघडपणे करतात, मग मी माझी प्रार्थना दार लावून का करू, ही त्यांची भूमिका होती.

१८९३ साली हे प्रकरण पेटलं. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हे काही शत्रू नव्हते. पुण्यात रमाबाईंच्या पाठीशी उभी राहिलेली हीच माणसं होती, आणि पालकांना दिलेला शब्द मोडला असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. त्यांच्या बाजूनेही म्हणण्यासारखं बरंच आहे. अल्पवयीन विधवांच्या मनावर आश्रयदातीचा प्रभाव पडतोच, दार उघडं असलं तरी. वीसपंचवीस मुलींना पालक घेऊन गेले. घरभर रिकाम्या गाद्या.

१८८५ च्या रमाबाई असत्या तर लांबलचक, धारदार पत्र लिहून एकेक आक्षेप खोडून काढला असता. १८९३ च्या रमाबाई उरलेल्या मुलींना घेऊन काम करत राहिल्या. टिकून राहणं म्हणतात ते मला इथे दिसतं. दात-ओठ खाऊन धरून ठेवलेलं नाही. स्वतःला सिद्ध करायची गरज संपल्यावर जो निवांतपणा येतो, त्यातलं.

दुष्काळ पुन्हा

१८९६ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तशी बावीस वर्षांपूर्वीची ती पाच माणसं डोळ्यांपुढे उभी राहिली असणार. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. अनाथ, अर्धमेल्या मुली घेऊन आल्या. एवढ्यात पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुलींना ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेली जमीन कामी आली. उघड्या माळावर आधी तंबू, मग छपरं, मग विहिरी. हे मुक्ती सदन. १८९८ ला अमेरिकेच्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदतही संपली. त्यानंतर गुजरातचा दुष्काळ. १९०० च्या सुमाराला केडगावला जवळजवळ दोन हजार माणूस होतं.

शेती, विणकाम, तेलाची घाणी, दूधदुभतं, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. आणि एक घर वेगळं काढलेलं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. त्याचं नाव ठेवलं कृपा सदन. फुलमला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोळा-सतरा वर्षांनी केडगावच्या माळावर असं विटांत उभं राहिलं.

या प्रकरणाची दुसरी बाजूही टाळता येत नाही. या टिकून राहण्याची किंमत फक्त रमाबाईंनी मोजली नाही. मनोरमा लहानपणी आईपासून दूर, समुद्रापलीकडच्या माणसांत राहिली. परत आली ती आईच्या कामालाच जुंपली. तिचं वेगळं आयुष्य असं काही उरलं नाही. आईने जे कृपा म्हणून स्वीकारलं ते लेकीच्या वाट्याला कर्तव्य म्हणून आलं का? मला याचं उत्तर देता येत नाही. पण आमच्याकडे पाळकांच्या, मिशनच्या कामात वाढलेल्या मुलांकडे बघताना हा प्रश्न मनात ठेवते.

घरभेटीत याचं काय करायचं

आमच्या गटात हे प्रकरण वाचलं तेव्हा एक सेवानिवृत्त शिक्षिका पटकन म्हणाल्या, “म्हणजे आपण बायकांना भांडी विकायला लावतो की!” सगळ्या हसल्या, आणि मग कुणी हसलं नाही.

खरंच तसं आहे. नवरा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो त्या बाईला आपण सांगतो, आणखी उपास धर. तिने धरलेला असतो. पोराची नोकरी गेली त्याला सांगतो, दशांश चुकवू नको. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की संकटाने धीर निर्माण होतो. आपण ते उलटं वाचतो: धीर दाखव म्हणजे संकट टळेल. धीर हीच नवी दक्षिणा. पौलाच्या अंगातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी पीडा, तीनदा विनवूनही निघाला नव्हता, आणि त्याला मिळालेलं उत्तर ‘तू कमी विनवलंस’ असं नव्हतं.

उपास-प्रार्थना सोडून द्या असं मी म्हणत नाही. रमाबाईंच्या केडगावला प्रार्थना रात्रंदिवस चालत. १९०५ ला तिथे जे संजीवन, म्हणजे श्रद्धेला आलेली नवी जाग, झालं त्याची वार्ता जगभर गेली. फरक एवढाच की ती प्रार्थना मिळालेल्याची होती, मिळवायची नव्हती.

तेव्हापासून दाराशी कुणी ‘प्रार्थना होत नाही’ म्हणालं, की आम्ही आधी परत आत जाऊन बसतो. सल्ला देत नाही. तिला होत नसेल तर तिच्या बदली आम्ही करतो, मोठ्याने, साध्या शब्दांत, आणि ‘हिचा विश्वास वाढव’ हे वाक्य गाळतो. कधी तेरावं स्तोत्र वाचतो, ‘परमेश्वरा, कुठवर?’ विचारणारं. एक आजीबाई ते ऐकून म्हणाल्या, “असं देवाला विचारलेलं चालतं?” शास्त्रातच आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा मागून घेतला आणि स्वतः वाचून खात्री केली.

शेवटचे आठ-नऊ महिने

रमाबाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. मूळ भाषांतून मराठी बायबल करायचं, आणि ते खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. काम वर्षानुवर्षं चाललं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या बायका तिथल्याच, दुष्काळातून आलेल्या.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक लेक. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळजवळ गेलेले, तब्येत उतरलेली. त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही. मुद्रितं तपासणं चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून झालं ते त्यांच्या पश्चात, केडगावलाच.